डंख, चुना आणि पत्राचा ताजा कलम

काकू, सप्रेम नमस्कार.

आम्ही कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात वस्तीवर राहतो. गेल्या आठवड्यात घेवड्याची काढणी चालली होती, तेव्हा माझ्या 7 वर्षांच्या मुलाला बांधावर गांधीलमाशीनं डाव्या डोळ्याखाली डंख मारला. आत्याबाईंनी लगेच पानाच्या डबीतला चुना लावला. रात्रीपर्यंत डोळा पार मिटला, दुसऱ्या दिवशी गाल टरारून सुजला आणि चुन्याखालची कातडी सोलून निघाली. डॉक्टरांनी आम्हालाच फैलावर घेतलं. तेव्हापासून आत्याबाई माझ्याशी धड बोलत नाहीत. मामंजी म्हणतात, "विंचवाला चिंचोका, माशीला चुना, गोमीला रॉकेल, एवढ्यावर आमची उमर गेली. इख उतरतंच की." मला स्वतःला झाडपाल्याचे उपाय आवडतात, उगाच गोळ्या द्यायला जीव धजत नाही. तर घरात काय ठेवावं, काय बंद करावं, ते सांगाल का? आणि पोराला पुन्हा रानात नेऊ का?

ता. क. मागच्या वर्षी गुऱ्हाळावर मलाच मधमाशी चावली होती. अंगभर पित्त उठलं, घसा दाटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. आत्याबाईंनी आमसुलाचं पाणी चोळलं आणि तासाभरात सगळं निवळलं. म्हणजे घरच्या उपायांत गुण आहेच ना?

एक आई, कोरेगाव तालुका

* * *

पोरी,

काकू म्हणालीस, म्हणून अहोजाहो बाजूला ठेवते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क. पाशीच थांबले. पोराचा गाल एव्हाना उतरला असेल. मला घोर लागलाय तो तुझा.

गुऱ्हाळावर तुला झालं, त्याला आपण पित्त म्हणतो आणि आमसूल शोधायला लागतो. एरवी अंगावर पित्त उठलं, खाज सुटली, तर आमसुलाच्या पाण्यानं थंड वाटतं, माझी काही तक्रार नाही. पण डंखानंतर काही मिनिटांत अंगभर गांधी उठतात, घसा दाटतो, अंधारी येते, तेव्हा ते साधं पित्त नसतं. माशीच्या विषाची तुझ्या शरीराला तीव्र ॲलर्जी आहे, त्याची ती खूण असते. अशा वेळी रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब कोसळतो, घशाला आणि श्वासनळ्यांना सूज येते. त्या दिवशी तुझ्या शरीरानं आपला तोल आपणच सावरला. आमसूल तेव्हा हाताशी होतं म्हणून श्रेय त्याला मिळालं. पुढच्या डंखाला शरीर तसंच सावरेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. एकदा असं झालेल्या माणसाला पुन्हा होण्याचा धोका इतरांहून पुष्कळ जास्त असतो.

म्हणून हे पत्र वाचून झालं की सगळ्यात आधी तुझ्या डॉक्टरांना ती हकिकत जशीच्या तशी सांग. कोणती माशी, किती वेळात काय झालं, काही सोडू नकोस. ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे जायचं का, जवळ कोणतं औषध बाळगायचं, हे तेच ठरवतील. घरात सगळ्यांना, अगदी पोरालाही, एक गोष्ट पाठ करून ठेव: आईला माशी चावली आणि तिला श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, उलटी किंवा चक्कर आली, की कोणतंही पान-मूळ न शोधता 108 लावायचा. दारात गाडी असेल तर 108 च्या गाडीची वाट न बघता निघायचं. तोवर तुला आडवं झोपवायचं, पाय उशीवर वर ठेवायचे. श्वास लागत असेल तर टेकून बसवायचं, पण उठून चालायला लावायचं नाही. "बरं वाटतंय, जाते चालत" म्हणून उठलेलं माणूस तिथंच कोसळू शकतं. यावरचं खरं औषध म्हणजे ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, ते मांडीच्या स्नायूत देतात आणि जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. सेट्रिझिनची गोळी खाज कमी करते, घसा उघडत नाही. आणि बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबायचं, कारण ओसरलेला त्रास पुन्हा उसळू शकतो.

गुऱ्हाळावर तर तू जपूनच राहा. काकवी आणि रसाच्या वासानं तिथं माश्या येणारच. रसाचा पेला झाकल्याशिवाय ठेवायचा नाही आणि आत बघितल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. तोंडात किंवा घशात डंख बसला तर ॲलर्जी नसलेल्या माणसाचाही श्वास सुजेनं कोंडू शकतो. अशा वेळी बर्फाचा खडा चघळत थेट दवाखाना गाठायचा.

आता पोराकडे वळते.

चेहऱ्यावर, त्यातून डोळ्याखाली, कातडी पातळ आणि सैल असते. तिथं सूज भरायला जागा मिळते, म्हणून एका डंखानं डोळा मिटतो. ही सूज पहिले दोन दिवस वाढतच जाते आणि मग आठवडाभरात ओसरते. आई-बाप घाबरतात ते नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी. सूज त्या जागेपुरती असेल, पोरगं खेळत-खात असेल, तर घाबरायचं कारण नसतं. दोन-तीन दिवसांनी ठणका उलट वाढला, पू झाला, ताप आला किंवा लालसर रेघ वर चढताना दिसली, तर मात्र जखम पिकलीय असं समजून दाखवायचं. बुबुळावरच डंख असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

चुन्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण आत्याबाईंनी लावला तो मायेनं लावला आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच लावत आलेत. त्यामागं एक समजूत आहे: विष आंबट, चुना खारा, दोन्ही एकमेकांना मारतात. शाळेच्या विज्ञानातही मधमाशीला खायचा सोडा, असं शिकवलेलं अनेकांना आठवत असेल. पण मधमाशीचं विष नुसतं आम्ल नसतं. त्यातला मोठा भाग मेलिटिन नावाच्या प्रथिनाचा, आणि तेच पेशी फोडून आग करतं. एका डंखातलं विष मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास, तेही कातडीच्या आत सोडलेलं. वरून फासलेला चुना तिथवर पोचत नाही. तो आपलं काम वरच्या कातडीवर करतो, आणि ते काम म्हणजे भाजणं. डोळ्याखाली लावलेला चुना घामाबरोबर डोळ्यात उतरला असता तर बुबुळ कायमचं पांढरं पडू शकलं असतं. चुना डोळ्यात गेलाच, तर पापणी उघडी धरून निदान 20 मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडायची आणि मग थेट डोळ्यांचा दवाखाना.

मग चुन्यानं आग थांबल्यासारखी का वाटते? डंखाची आग मुळातच तास-दोन तासांत आपली आपण उतरते. त्या वेळात जे लावाल त्याला यश येतं. चुन्याचं, रॉकेलचं, आमसुलाचं, मंत्राचंही तसंच. मामंजी खोटं बोलत नाहीत, त्यांनी शंभर वेळा उतरताना बघितलंय. न लावताही उतरलं असतं, हे मात्र कोणी बघितलेलं नसतं, कारण न लावता कोणी थांबतच नाही.

रॉकेल तर घरातून या कामापुरतं हद्दपार करून टाक. ते कातडी जाळतं, आणि पोरांच्या हाताला लागेल अशा बाटलीत ठेवलेलं रॉकेल पोटात गेलं की फुफ्फुसावर बेततं. ब्लेडनं चीर देणं, तोंडानं चोखणं, घट्ट दोरी आवळणं, शेण किंवा ओली माती थापणं, हेही सगळं बंद. शेणामातीतून धनुर्वाताचे जंतू जखमेत जातात. पोराचं धनुर्वाताचं इंजेक्शन वेळापत्रकाप्रमाणे झालंय का, तेवढं आशाताईंकडून कार्डावर बघून घे.

तुला झाडपाला आवडतो म्हणतेस, तर त्यात चालण्यासारखं बरंच आहे. पण आधी पाणी. डंखाची जागा साबणानं धुवायची आणि कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं धरायचा, 10 मिनिटं काढायचा, असं दोन-तीनदा. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याची ओली घडी. परिचारिका म्हणून केलेल्या माझ्या सगळ्या नोकरीत यापेक्षा गुणकारी घरगुती उपाय मी बघितला नाही. थंडाव्यानं आग बोथट होते आणि सूज कमी भरते. हाताला डंख असेल तर हात उंच ठेवायचा. आणि हे बायका हमखास विसरतात: बोटाला किंवा मनगटाला चावलं की त्याच मिनिटाला अंगठी, बांगड्या काढायच्या. पायाला असेल तर जोडवी, पैंजण. सूज चढल्यावर अंगठी कापून काढावी लागते.

त्यानंतर दारातली कोरफड. पान कापून त्यातला पिवळा चीक निथळू द्यायचा, तो कातडीला झोंबतो. आतला पांढरा गर लावायचा. तो थंड वाटतो आणि खाज कमी करतो. खायच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पातळ पेस्ट खाजेवर 10 मिनिटं ठेवून धुतली तर काही जणांना आराम पडतो. कांद्याची चकती, तुळशीचा रस, यांनी न सोललेल्या कातडीवर फारसं बिघडत नाही. घडतंही फारसं नाही, पण आजीचा हात फिरल्यानं पोरगं रडायचं थांबतं, आणि मला तेही मोलाचं वाटतं. हळदीचा लेप आपल्या वाई-कोरेगावकडं कशालाही लावतात. साध्या चाव्यावर लावा, पण सूज चढत असेल तर नको. पिवळ्याधमक कातडीवर लाली किती पसरली, हे डॉक्टरांना दिसत नाही. टूथपेस्ट थंड लागते, तरी मुलांच्या नाजूक कातडीला ती झोंबते. सोललेल्या जागी यातलं काहीच लावायचं नाही. खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन स्वस्त आहे, निर्धोक आहे, आणि त्याला गोळ्यांसारखं भ्यायचं कारण नाही.

मधमाशी आणि गांधीलमाशी यांतला फरक घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावा. मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात. काटा कातडीत रुततो, विषाची पिशवी त्याच्याबरोबर तुटून राहते, माशी मरते, पण पिशवी आत विष ढकलतच राहते. बहुतेक विष पहिल्या 20-30 सेकंदांतच आत जातं. म्हणून काटा कसा काढला याला फार महत्त्व नाही, किती पटकन काढला याला आहे. नखानं खरवड, एटीएम कार्डानं खरवड, चिमट्यानं उपट, काहीही कर, पण चिमटा शोधायला घरात धावू नकोस. मध काढणारी माणसं नखानंच झटक्यात काटा उडवून मोकळी होतात. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिकडं घरोघरी सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या असतात, आणि माशीशी वैर न करता तिच्याजवळ कसं वावरायचं, हे त्या लोकांकडून शिकावं. गांधीलमाशीचा काटा गुळगुळीत असतो. तो मागं राहत नाही आणि ती पुन:पुन्हा डंख मारू शकते. पोराच्या गालात काटा शोधत बसला असाल तर तो तिथं नव्हताच.

आग्या मोहोळ ही वेगळीच गोष्ट. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला, किल्ल्याच्या कड्याला लटकलेलं ते मोहोळ धूर, दगड, उग्र अत्तर यांनी उठतं. एका माशीनं डंख मारला की पिकलेल्या केळ्यासारखा एक वास सुटतो, आणि त्या वासावर बाकीच्या येतात. मग हात न झाडता, तोंड पदरानं झाकून, मिळेल त्या बंद घरात किंवा गाडीत पळायचं. विहिरीत उडी मारू नये. माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात आणि माणूस बुडतं. खूप डंख बसले असतील, तर माणूस चांगलं बोलत-चालत असलं तरी दवाखान्यात ठेवायचंच. इतकं विष एकदम अंगात गेलं की स्नायू विरघळायला लागतात, आणि एक-दोन दिवसांनी मूत्रपिंडं थकतात. लघवी तांबूस-काळपट झाली की समजावं.

आता मामंजींचा चिंचोका.

हे लिहिताना हात जड होतो. मी नऊ वर्षांची असताना, मे महिन्यात, माझ्या पाच वर्षांच्या भावाला गोधडीत विंचू चावला. चिंचोका दगडावर घासून चिकटवला, शेजारच्या गावचा विंचू उतरवणारा आला, लिंबाची डहाळी फिरली. तासाभरात ठणका कमी झाला आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. तो घामानं निथळत होता, दोनदा ओकला, हातपाय गार पडले होते. आईला वाटलं, विष उतरल्यामुळं घाम फुटला. पहाटे त्याला फेसाळ खोकला लागला आणि बैलगाडीतून दवाखान्याच्या वाटेवर तो गेला. त्या काळी दवाखान्यातही यावर नेमकं औषध नव्हतं, म्हणून मी त्या रात्रीसाठी कोणाला बोल लावत नाही.

पुढं औषध सापडलं, आणि ते आपल्या शेजारीच सापडलं. आंबेनळी घाट उतरून गेलं की महाड. तिथं डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या रुग्णांजवळ रात्र-रात्र बसून लक्षणं टिपली, आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी यावर उपयोगी पडते, हे 1980 च्या दशकात दाखवून दिलं. त्यांचे लेख 'द लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात आले, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गंभीर लक्षणं दिसणाऱ्यांत पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. पुढं विंचवाची लसही प्राझोसिनच्या जोडीला आली. परिचारिका झाल्यावर माझ्या भावाच्याच लक्षणांची पोरं मी याच गोळीवर तरताना बघितली. ती गोळी घरी आणून ठेवू नकोस. डोस वजनावर ठरतो, रक्तदाब बघत द्यावी लागते. पण ती मिळेपर्यंतचा वेळ आपल्या हातात असतो, आणि चिंचोका नेमका तोच वेळ खातो.

मामंजींना एवढं सांग की ठणका उतरला म्हणजे विष उतरलं, असं नसतं. काळी, जाड नांग्यांची इंगळी दिसायला भयंकर, पण तिचा ठणका सहसा जागेपुरताच राहतो. धोका आहे तो लहानखुऱ्या, तांबूस, बारीक नांग्यांच्या आणि जाड शेपटीच्या विंचवाचा. त्यानं चावलेल्या काहींना ठणका बेताचाच असतो आणि विष आत हृदयावर काम करत असतं. दरदरून घाम, ओकारी, तोंडातून लाळ, हातपाय गार, धाप. मुलगा असेल तर लिंग ताठ होणं हीही एक ठळक खूण आहे. आया लाजून ती सांगत नाहीत, तू सांग. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न बघताच निघायचं. काही ठिकाणी जांभळं पोटॅश आणि लिंबू एकत्र करून दंशावर घालतात, त्यानं तर कातडी खोलवर जळते आणि विषाला काहीच होत नाही.

गोम किंवा घोण चावली तर आग फार होते, पण मोठ्या माणसाला सहसा धोका नसतो. साबणानं धुवून, सोसवेल इतक्या कोमट-गरम पाण्यात तो भाग बुडवला तर कळ कमी होते. कोणाला बर्फानं बरं वाटतं, तर बर्फ. पाणी आधी स्वतःच्या कोपरानं बघ, भाजायला नको.

शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटाचे केस लागले तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून उचकटली की केस निघून येतात, मग धुवायचं. गोचीड चिकटली तर काडीनं चटका देऊ नये, रॉकेल टाकू नये. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, किंवा अंगावर कुठं काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना किडा चावल्याचं आवर्जून सांगायचं. काखेत, कमरेला, केसांत खपली असेल तर ती बघितल्याशिवाय कळत नाही.

पावसाळ्यात दिव्याखाली येणारा तांबडा-काळा, मुंगीसारखा बारीक किडाही तुमच्याकडं असणार. सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखी लाल रेघ दिसते आणि लोक म्हणतात, काहीतरी चावलं. तो चावत नाही. अंगावर चिरडला की त्याच्या अंगातलं रसायन कातडी भाजतं. म्हणून मारायचा नाही, फुंकरीनं उडवायचा आणि जागा साबणानं धुवायची. बोट लागलं तर तेच बोट डोळ्याला लावायचं नाही.

एका गोष्टीला मात्र किडा समजू नकोस. रात्री जमिनीवर झोपलेलं माणूस उठून सांगतं, काहीतरी चावल्यासारखं वाटलं, पण दिसत काही नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, ओकारी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं बोबडं होतं. हा मण्यार असू शकतो. त्याचा दंश मुंगीच्या चाव्याइतका बारीक असतो, सूजही येत नाही. वस्तीवरच्या घरात, उसाच्या आणि गंजीच्या शेजारी, हे नेहमी डोक्यात ठेवावं लागतं. अशा वेळी लावायचं काहीही नाही, माणसाला हलू न देता मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालणारी एकच लस तिथं असते. शक्य असेल तर पोरांना खाटेवर झोपव, मच्छरदाणी गादीखाली खोचून लाव. डास तर अडतातच, मण्यारही अडतो.

आत्याबाईंचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. त्यांना डॉक्टरांपुढं चूक ठरवलं गेलं, ते त्यांना लागलंय. त्यांच्या हातून चुना काढून घेतलास तर त्या हातात दुसरं काहीतरी दे. कोरफडीची कुंडी त्यांच्याच ओसरीला लाव. बर्फाची घडी धरायचं काम त्यांचं. काटा उडवायला नख त्यांचंच बरं, त्यांची नजर अधू नसेल तर. आणि तुझ्या गुऱ्हाळाची हकिकत त्यांना पुन्हा सांग, डॉक्टर काय म्हणाले तेही सांग. तुला अंधारी आली तेव्हा त्याच धावल्या होत्या. पुढच्या वेळी 108 लावायचं काम त्यांनाच सोपव. मला वाटतं, त्या ते कोणाहीपेक्षा चोख करतील.

पोराला रानात ने. अंगभर बाह्यांचा सदरा, पायात बूट, आणि बूट घालण्यापूर्वी उलटे करून आपटायचे. बांधावर पोळं कुठं आहे ते त्याला लांबून दाखव, दगड मारायचा नाही एवढी एकच शपथ घाल. पत्रावरून वाटतं, पोळं बांधावरच कुठंतरी असावं. गोठ्याच्या वळचणीलाही बघून घ्या. वावरण्याच्या वाटेवर नसेल तर राहू दे, गांधीलमाश्या पिकावरच्या अळ्या खातात. वाटेवरच असेल तर माहीतगाराकडून अंधार पडल्यावर काढून घ्या. तू स्वतः त्या कामाजवळही फिरकायचं नाहीस.

सोललेल्या जागेवर अजून खपली असेल तर ती काढू देऊ नकोस. साध्या पाण्यानं धुवून व्हॅसलिनचा पातळ हात फिरव आणि महिना-दोन महिने उन्हात टोपी घाल, नाहीतर डाग काळा पडतो. डोळा लाल असेल, पाणी येत असेल किंवा उजेड सोसत नसेल, तर हे पत्र वाचत बसू नकोस, आजच दाखवून ये. आणि तुझ्या डॉक्टरांनी काय सांगितलं, ते मला नक्की कळव.

तुझी काकू